काफिल्याच्या शेवटी



दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कामे करतो. सहामाहीचे राहिलेले पेपर तपासतो आणि घराच्या माळ्यावरचा पसारा काढतो. या वर्षी दोन्ही कामे तशीच राहिली. आम्ही चौघे मित्र सायकलींवर राजस्थानच्या वाळवंटात गेलो होतो. जोधपूर ते जैसलमेर आणि पुढे समची वाळू, सगळे मिळून सुमारे साडेतीनशे किलोमीटर. परत आल्यावर शाळेत, मशिदीत, नात्यात सगळ्यांनी उंटांबद्दल विचारले. उंट पाहिले, अल्हम्दुलिल्लाह. पण या सदरात उंटांबद्दल लिहायचे नाही. त्या सफरीत आमच्या हातून एक चूक झाली, तिच्याबद्दल लिहायचे आहे.

आधी चौघांची ओळख. आम्ही मास्तर. दुसरे आमचे कोकणी मित्र, मूळ चिपळूणकडचे, नोकरीमुळे सोलापुरात स्थायिक झालेले, मसलकाने शाफई. तिसरे मिस्त्री. त्यांचे गॅरेज मोटारसायकलींचे, पण जीव सायकलीत. चौथे डॉक्टरसाहेब. ते डॉक्टर नाहीत, त्यांचे औषधांचे दुकान आहे. मोहल्ल्यात सर्दी-तापासाठी लोक आधी त्यांनाच विचारतात म्हणून हे नाव पडले. चौघेही चाळिशी ओलांडलेले. दोन वर्षांपासून दर रविवारी फजरनंतर आम्ही नान्नजच्या माळापर्यंत सायकली हाणतो. तिथे माळढोक पक्ष्यासाठी राखलेले जंगल आहे. माळढोक आम्हाला एकदाही दिसला नाही. एका रविवारी चहा पिताना कोकणी मित्र म्हणाले, "तुमचा माळढोक आता राजस्थानात राहतो. तिकडेच जाऊन भेटू." गंमत म्हणून निघालेली गोष्ट तीन महिन्यांत रेल्वेच्या तिकिटांपर्यंत गेली.

घरी सांगितले तेव्हा मुलांच्या अम्मी एवढेच म्हणाल्या, "भाजी आणायला स्कूटर लागते आणि वाळवंटात सायकल?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

सायकली टेम्पोने पुण्याला पाठवल्या आणि तिथून रेल्वेच्या पार्सल डब्यात चढवल्या. सोलापूर स्टेशनवर निरोप द्यायला चौघांच्या घरची माणसे आली होती. डब्यांची अदलाबदल, लोणच्याच्या बरण्या, मुलांची धावपळ चालली होती. त्या गर्दीत डॉक्टरसाहेबांच्या घरच्या भाभी आमच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाईजान, यांना एकटं सोडू नका." आम्ही हसून म्हटले, "भाभी, चौघे आहोत. कोण एकटं पडणार?" त्या आणखी काही बोलणार होत्या. तेवढ्यात डॉक्टरसाहेब आले आणि त्या गप्प झाल्या. गाडी सुटली आणि ते वाक्यही आमच्या डोक्यातून गेले.

गाडीत कोकणी मित्रांनी आठवण करून दिली की तीन माणसे सफरीला निघाली तर त्यांनी आपल्यातून एकाला अमीर नेमावे, अशी रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आहे. आम्ही तर चौघे. तिघांनी एका आवाजात म्हटले, "मास्तर." आम्ही वरवर नको म्हटले, पण मनातून बरे वाटले, हे कबूल करायला हवे. वीस वर्षे वर्गासमोर उभे राहिलेल्या माणसाला पुढे चालायची सवय असते.

जोधपूरला उतरलो. सायकली जोडायला मिस्त्रींनी दोन तास घेतले. प्रत्येकाच्या कॅरिअरला दोन पिशव्या, एक सतरंजी, तीन लिटर पाणी. मिस्त्रींच्या सायकलीवर पाच लिटरचा सामाईक कॅन आणि हत्यारांची पेटी. ठरवलेला दिनक्रम असा होता : फजर पढून निघायचे, उन्हे चढेपर्यंत चालवायचे, अकराच्या आत सावली गाठायची, साडेतीनला पुन्हा निघायचे आणि मगरिबच्या आधी मुक्काम. नोव्हेंबरात तिकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी डोक्यावर ओला रुमाल.

पहिला मुक्काम ओसियां. जोधपूर सोडल्यावर वाळू दिसेल असे आम्हाला वाटले होते. पण आधी दिसली शेते. बाजरी निघाली होती, गवार उभी होती आणि शेताच्या मधोमध खेजडीची झाडे. खेजडी म्हणजे आपली शमी. तिकडे शेतातली खेजडी कोणी तोडत नाही. तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी होते, पाला शेळ्या खातात आणि तिच्या सावलीत पीकही चांगले येते. याच झाडासाठी 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात 363 बिष्णोई माणसांनी झाडांना मिठ्या मारून जीव दिला. त्यांच्या पुढे अमृतादेवी नावाची एक बाई होती. राजाला चुना भाजायला लाकूड हवे होते. धड्यात आम्ही हे मुलांना शिकवले आहे. पण खेजडीच्या विरळ सावलीत दुपारी पाठ टेकली तेव्हा कळले की तिथे एक झाड म्हणजे काय.

नमाजची गोष्टही सांगायला हवी, कारण परतल्यावर अनेकांनी विचारले. घरापासून इतक्या दूर आलो होतो, म्हणून चौघेही मुसाफिर. जोहर, असर आणि इशाच्या चार फर्जांच्या दोन रकाती. फजर आणि मगरिब आहे तशी. इथपर्यंत एकमत. पुढे फरक. शाफई मसलकात मुसाफिराला जोहर-असर एकत्र आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची मुभा आहे. आम्ही तिघे हनफी, प्रत्येक नमाज आपापल्या वेळेवर. त्यामुळे दुपारी कोकणी मित्र दोन्ही नमाज उरकून मोकळे होत आणि असरला आम्ही थांबलो की ते रस्त्याकडेला तीन दगड मांडून चहा टाकत. वाद एकदाही झाला नाही. उलट मिस्त्री म्हणत, "तुमच्या सवलतीमुळे आम्हाला चहा मिळतो, अल्लाह तुम्हाला त्याचा अज्र देवो."

दुसऱ्या दिवशी फलोदीच्या वाटेवर काट्यांनी स्वागत केले. आपल्याकडे सराटे म्हणतात तेच. टायरला फुली मारल्यासारखे रुततात. एका सकाळी पाच पंक्चर. एरवी पंक्चर शोधायला मिस्त्री ट्यूब पाण्याच्या टबात बुडवतात आणि बुडबुडे बघतात. इथे टब कुठला? पहिल्या पंक्चरला त्यांनी सवयीने पातेल्यात पाणी ओतले, मग आमच्या तोंडांकडे पाहिले आणि ते पाणी पुन्हा कॅनमध्ये भरले. त्यानंतर ते हवा भरलेली ट्यूब ओठांजवळ धरून गोल फिरवत. हवेची बारीक फुंकर ओठाला लागली की बोट ठेवत, "हे बघा, सापडलं." थेंबभर पाणी लागले नाही. पंचवीस वर्षे गॅरेज चालवूनही हे कधी करावे लागले नव्हते, असे ते म्हणाले.

फलोदी हे नाव उन्हाळ्यात बातम्यांत येते. 19 मे 2016 रोजी तिथे 51 अंश सेल्सिअसची नोंद झाली. आम्ही गेलो तेव्हा मात्र हवा सुखाची होती, आणि गावाजवळच्या खीचनला पाहुणे आलेले होते. करकोच्यांच्या जातीचे हे राखाडी पक्षी; तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. मध्य आशिया, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून ते हजारोंच्या संख्येने दर हिवाळ्यात येतात आणि वसंतात परततात. गावकरी त्यांच्यासाठी कुंपण घातलेल्या जागेत रोज धान्य टाकतात. पहाटे थवे उतरू लागले तेव्हा आम्ही चौघे भिंतीला टेकून पाहत राहिलो. मुसाफिराची खातिर कशी करावी, हे त्या गावाकडून शिकावे. इथे डॉक्टरसाहेब एका दगडावर बराच वेळ बसून होते. आम्ही म्हटले, "चला, ऊन होईल." ते उठले. त्यांचा चेहरा आम्ही पाहिला नाही, घड्याळ पाहिले.

पुढे रामदेवरा लागले. हिंदू त्यांना बाबा रामदेव म्हणतात, तिकडचे मुसलमान रामसा पीर. भादव्यात पायी येणाऱ्यांनी हा रस्ता फुलून जातो म्हणे. आम्हाला तो रिकामा मिळाला. संध्याकाळी पोकरण. या नावाने आपली पिढी दचकते. 1974 च्या मे महिन्यात आणि नंतर 1998 च्या मे महिन्यात इथल्याच रणात अणुचाचण्या झाल्या. दुसऱ्या वेळी त्या कामाच्या पुढे असलेल्यांत डॉ. अब्दुल कलाम होते. गाव मात्र साधे, लाल दगडाच्या किल्ल्याचे आणि चमचम नावाच्या मिठाईचे. आम्ही पाव किलो चमचम घेतली. डॉक्टरसाहेबांनी हात मागे घेतला, "नको, दात दुखतोय." त्यांचा दात दुखत नव्हता, हे नंतर कळले.

त्या रात्री आम्ही हिशोब मांडला. तीन दिवसांत ठरल्यापेक्षा आम्ही मागे पडलो होतो, आणि दर वेळी वाट पाहावी लागली ती डॉक्टरसाहेबांची. आम्ही गमतीने म्हणालो, "डॉक्टरसाहेब, अशानं जैसलमेर रमजानात येईल." सगळे हसले. तेही हसले. वर्गातही असेच होते. मास्तर विनोद करतात आणि ज्याच्यावर विनोद झाला तो सगळ्यांत आधी हसतो.

पोकरणहून जैसलमेर एकशे दहा किलोमीटर, जवळजवळ सरळ पश्चिमेला. म्हणजे सायकलीचे हँडल आणि किबला एकाच दिशेला. हे आम्हाला फार आवडले. दोन दिवसांचा हा टप्पा दीड दिवसात उरकायचा आम्ही ठरवले. लष्कराच्या मोठ्या गाड्या टाळायला काही अंतर आतल्या डांबरी रस्त्याने जायचे ठरले. हमरस्त्यावर ढाबे असतात, आतल्या रस्त्यावर नसतात. याचा विचार अमिराने करायला हवा होता.

सकाळी निघताना डॉक्टरसाहेब सर्वांत आधी तयार होते. आम्ही खूश झालो. बाकी आम्ही तिघांनी चहा, बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी खाल्ली. त्यांनी नुसता बिनसाखरेचा चहा घेतला आणि म्हणाले, "मी हळूहळू पुढे होतो. म्हणजे तुमचा खोळंबा नको." अर्ध्या तासात आम्ही त्यांना गाठले आणि मागे टाकले.

दहाच्या पुढे ऊन लागू लागले. दोन्ही बाजूंना खुरटे बोर, रुई, मध्येच जाळाचे झाड. जाळ म्हणजे पिलूच. आपण ज्याचा मिसवाक करतो त्याच कुळातले. दूर पवनचक्क्यांची रांग. आम्ही आणि कोकणी मित्र पुढे, वारा पाठीशी, चाके आपोआप पळत होती. असा वारा मिळाला की माणसाला वाटते हे आपल्याच पायांचे कर्तृत्व. अकराला एका खेजडीखाली थांबलो. वीस मिनिटांनी मिस्त्री आले, पंक्चर काढून घामाघूम. आम्ही विचारले, "डॉक्टरसाहेब?" ते म्हणाले, "मागे आहेत. मी थांबलो होतो. मला म्हणाले, तुम्ही व्हा पुढे."

दहा मिनिटे गेली. वीस गेली. रस्ता सरळ होता, दोनेक किलोमीटरपर्यंतचे दिसत होते आणि त्यावर कोणी नव्हते. तेव्हा आम्हाला सोलापूर स्टेशन आठवले. भाभींचे वाक्य जसेच्या तसे आठवले, आणि त्या पुढे काय बोलणार होत्या याचा विचार पहिल्यांदा डोक्यात आला.

आम्ही सायकली वळवल्या. मघाचा पाठीवरचा वारा आता तोंडावर होता. चार किलोमीटरला किती वेळ लागला सांगता येत नाही. आम्ही सारखे आयतुल कुर्सी पढत होतो आणि मध्येच विसरत होतो.

रस्त्याच्या कडेला त्यांची सायकल आडवी पडलेली दिसली. माणूस नव्हता. मिस्त्रींनी हाक मारली. उत्तर आले ते शेळ्यांचे. थोड्या अंतरावर एक ढाणी होती. रानात एक-दोन घरांची वस्ती असते, तिला तिकडे ढाणी म्हणतात. मातीच्या दोन गोल झोपड्या, काट्यांचे कुंपण. झोपडीच्या सावलीत खाटेवर डॉक्टरसाहेब बसले होते. शर्ट घामाने चिंब, हात कापत होते. त्यांच्या समोर एक म्हातारी आजी पितळेची वाटी धरून उभी होती आणि दहा-बारा वर्षांचा एक मुलगा त्यांच्या पाठीला हात लावून बसला होता. वाटीत गुळाचे पाणी होते.

मुलाने सांगितले, शेळ्या घेऊन जाताना हे रस्त्याकडेला बसलेले दिसले. काय बोलतात ते कळेना, जीभ जड झाली होती. त्याला वाटले दारू प्यायलेत. आजीने घाम पाहिला आणि म्हणाली, हा भुकेला आहे. दोघांनी धरून आणले आणि गुळाचे पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत डॉक्टरसाहेबांचे बोलणे नीट झाले. मग आजीने रोटी आणि ताक दिले. हे सगळे झाल्यावर तिने विचारले, तुम्ही कोण, कुठले. आम्ही सांगितले. नावे ऐकून तिने मान डोलावली, गाव ऐकून मात्र तिला राहवले नाही. मुलाने तिचे मारवाडी आम्हाला हिंदीत सांगितले : "दादी पूछ रही है, रेल बंद हो गई क्या?"

आमचे पाणी संपत आले होते. पंक्चर काढताना झालेला उशीर आणि आता हे. आम्ही कॅन पुढे केला, पण मागायची लाज वाटली. कारण तोवर आम्हाला तिथले पाणी कळले होते. जैसलमेरकडे वर्षभराचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्याही आत असतो. आपले सोलापूर दुष्काळी म्हणून ओळखले जाते, पण तिथला पाऊस याच्या तिप्पट. पंजाबातल्या हरिके धरणापासून निघालेला इंदिरा गांधी कालवा 649 किलोमीटर वाहत या जिल्ह्यापर्यंत आला आहे. पण कालवा जिथे जातो तिथेच जातो. रानातल्या ढाणीचा आधार म्हणजे टांका. जमिनीत गोल खड्डा बांधतात, वर झाकण घालतात आणि भोवती उताराचे स्वच्छ आंगण राखतात. त्याला आगोर म्हणतात. पावसाळ्यात पडेल ते पाणी आगोरावरून टांक्यात उतरते. साधारण वीस हजार लिटर मावतात. त्यात माणसांनी वर्ष काढायचे. आगोरावर चपला घालून कोणी जात नाही. टांक्याच्या झाकणाला कुलूप असते.

आजीने ओढणीच्या गाठीतून किल्ली काढली. मुलगा अनवाणी आगोरावर गेला, कुलूप उघडले, दोरीने बादली सोडली आणि आमचा कॅन भरला. मग तो आमच्या बाटल्यांकडे बोट दाखवू लागला, त्याही द्या म्हणून.

जोहरची वेळ झाली होती. मिस्त्री हळूच म्हणाले, "मास्तर, हे पाणी प्यायचं आहे. तयम्मुम करू या का?" कोकणी मित्रांचेही मत पडले की पाणी पिण्यासाठी लागत असेल तर तयम्मुमला जागा आहे. आमची कुजबूज मुलाच्या लक्षात आली असावी. त्याने आजीला सांगितले. तिने एक परात आणि एक लोटा आणून ठेवला. परातीत हात-तोंड धुवा, पाणी शेळ्यांना घालीन, असे तिने खुणेने सांगितले. रसूलुल्लाह (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, हे आम्ही मदरशात लहानपणी शिकलो. चाळीस वर्षे नळाखाली वुजू केला. त्या दुपारी एका लोट्यात चौघांचा वुजू झाला आणि परातीतले पाणी शेळ्या प्यायल्या.

पैसे द्यायचा प्रयत्न केला, तो आजीने चालू दिला नाही. कोकणी मित्रांनी पिशवीतून खजुराचे पाकीट काढून मुलाच्या हातात दिले. ते तिने ठेवून घेतले.

त्या दिवशी आम्ही पुढे गेलो नाही. हमरस्त्यावर येऊन एका ढाब्याच्या मागच्या खोलीत मुक्काम केला. रात्री डॉक्टरसाहेबांनी सांगितले. दोन वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. सकाळी गोळी घ्यायची, त्यावर नाश्ता करायचा, असा नेम. पण रमजानचा विनोद ऐकल्यावर त्यांनी ठरवले की उद्या आपल्यामुळे उशीर होऊ द्यायचा नाही. गोळी घेतली आणि नाश्ता सोडला. मोहल्लाभर लोकांना औषधाच्या वेळा समजावणारा माणूस!

आम्ही विचारले, "आधी सांगितलं का नाही?"

ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही मला आणलं नसतं."

हे खरे होते. आम्ही आणले नसते. काळजीच्या नावाखाली त्यांना घरी ठेवले असते आणि आपण मोठी जबाबदारी पार पाडली असे समजलो असतो. त्यांनी भाभींनाही तोंड उघडू दिले नव्हते. त्या बिचारीने नवऱ्याचे गुपितही राखले आणि त्याचा जीवही आमच्या हवाली केला. "एकटं सोडू नका" या तीन शब्दांत जेवढे सांगता येईल तेवढे सांगितले. ती अमानत आम्ही प्लॅटफॉर्मवरच विसरून आलो.

आम्ही डॉक्टरसाहेबांची माफी मागितली. त्यांनी हात धरला आणि म्हणाले, "मास्तर, झोपा आता." मग कोकणी मित्रांनी, कोणाकडे न पाहता, एक गोष्ट सांगितली. रसूलुल्लाह (स.) सफरीत काफिल्याच्या मागे राहत. जो कमजोर असेल त्याच्या जनावराला पुढे हाकत, कोणाला आपल्या मागे बसवून घेत आणि त्यांच्यासाठी दुआ करत. ही हदीस आम्ही स्वतः मुलांना शिकवली आहे. परीक्षेत तिच्यावर प्रश्नही काढला आहे. पण अमीर झाल्यापासून चार दिवस आमची सायकल सगळ्यांच्या पुढे होती.

आम्ही अमिरी सोडायची तयारी दाखवली. मिस्त्री म्हणाले, "सोडायची कशाला? जागा बदला."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरसाहेब पुढे, त्यांच्या वेगाने बाकीचे, आणि आम्ही सगळ्यांच्या शेवटी. त्यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी, आमच्याही खिशात एक. दर दहा किलोमीटरला थांबा. मागून चालताना पहिल्यांदा आम्हाला तिघांच्या पाठी दिसल्या. मिस्त्रींचा उजवा गुडघा दुखतो, ते पाय थोडा बाहेर टाकून पॅडल मारतात. कोकणी मित्र चढाला लागले की ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणतात. डॉक्टरसाहेब थकायच्या आधी मान डावीकडे झुकवतात. पुढे असताना यातले काहीच दिसले नव्हते. लाठीजवळच्या माळावर आम्ही माळढोकासाठीही बराच वेळ थांबलो. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. आता जगात मोजके उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक याच भागात. दिसला नाही. घाई नसल्यामुळे वाईटही वाटले नाही.

जैसलमेरचा किल्ला संध्याकाळच्या उन्हात लांबूनच दिसतो, पिवळ्या दगडाचा, सोनेरी. 1156 मध्ये रावळ जैसलने तो वसवला आणि आजही त्यात लोक राहतात. वेशीवर सगळ्यांत आधी डॉक्टरसाहेबांची सायकल पोचली. समच्या वाळूवर एक रात्र काढली, आकाश भरून तारे पाहिले, उंटांचे फोटो काढले, तेही मुलांसाठी.

वाचक बहीण-भावांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आपल्या घरांत मधुमेह आता कोणाला नवा नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने जेवण टाळून मेहनत केली की रक्तातली साखर 70 च्या खाली घसरू शकते. अचानक घाम, थरथर, धडधड, चिडचिड, जीभ जड होणे, ही तिची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर, गूळ किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा द्यावे आणि मग जेवण. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, दवाखाना गाठावा. रमजानच्या रोज्यांआधी, उमरा-हजला जाण्याआधी, लांबच्या प्रवासाआधी आपल्या डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा आणि प्रमाण ठरवून घ्यावे. आणि बरोबरच्या माणसांना सांगावे. आजार लपवण्यात मर्दानगी नाही.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्यांसाठी. सांगणाऱ्याला सांगता येईल असे वागावे. डॉक्टरसाहेबांनी लपवले ही त्यांची चूक. पण लपवावेसे वाटले, त्यात आमचा वाटा होता.

सोलापूरला गाडी पोचली तेव्हा भाभी स्टेशनवर आल्या होत्या. आम्ही त्यांना सगळे सांगितले, काही न वगळता. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी न्याल ना यांना?"

सुट्टी संपली. शाळा उघडल्यावर पहिल्या तासाला आम्ही नेहमीप्रमाणे फळ्यासमोर उभे राहिलो, धडा वाचायला सांगितला, आणि नजर सवयीने पहिल्या बाकाकडे गेली. तिथे हात वर होतेच. आम्ही खुर्ची उचलली आणि वर्गाच्या मागे, शेवटच्या बाकाशेजारी नेऊन ठेवली. पोरे वळून वळून पाहू लागली. शेवटच्या बाकावरचा मुलगा पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बसला होता. सहा महिने आम्ही त्याला आळशी समजत होतो. त्याला फळा दिसत नव्हता.

त्याच्या अब्बांना आम्ही शनिवारी बोलावले आहे. दुआ करा.